परड्यातला शनी

आमच्या सुनंनं माहेराहून काय आणलं म्हणून कुणी इचारलं की मी सांगतो, एक पितळी समई, एक दुर्बीण आणि एक लंगडी घोडी. घोडी म्हंजे दुर्बीण ठेवायचं तीन पायांचं स्टँड. आधीचं लाकडी वाळवीनं खाल्लं, म्हणून तिच्या वडलांनी, निपाणीच्या रुद्राप्पा मास्तरांनी, एका फोटोग्राफरचं जुनं घेऊन दिलंतं. कॅमेऱ्यापुरतं ते ठीक. दुर्बीण चढवली की डुलायला लागायचं.

मला मल्लव्वाला चंद्र सोडून आभाळातलं काय कळत न्हाय. गुळाच्या आडत्याची बायको मी, जन्म गुळात गेला. सून रक्षिता घरात नवी होती. दिवसभर "व्हय अत्ती, न्हाय अत्ती" एवढंच बोलायची. अत्ती म्हंजे सासू, त्यांच्याकडचं कानडी. एका सांजेला घरामागच्या परड्यात गेलो तर ही दुर्बिणीपाशी बसून डोळं पुसतीया.

"कोण काय बोललं तुला? नाव सांग, बघतो त्याला," मी म्हटलं.

"कुणी न्हाय अत्ती. शिवरात्रीला अप्पा येणार हायत."

"मग त्यात रडायचं काय हाय? बाप येतोय की यम?"

तवा कुठं पोरगी बोलली. मास्तरांना कंपवात. हात थरथरायचं थांबत न्हाईत, डॉक्टर म्हणतोय आता असंच चालायचं. आख्ख्या शाळेला शनीचं कडं दाखवणारा माणूस, पण त्यांचा हात दुर्बिणीला लागला की सगळंच हलायचं. दोन वर्षांत त्यांना शनी धड दिसला नव्हता. म्हणून तर त्यांनी ती लेकीला देऊन टाकली. हिच्या मनात एवढंच होतं की अप्पांना शनी एकदा तरी दाखवावा.

शनी म्हटल्यावर मी दचकलोच. त्याची नजर पडू नये म्हणून लोक तेल वाहत्यात, आणि ही आपणहून त्याला बघाय बसलीया. तरी डोळा लावला. एक पिवळा ठिपका होता आणि तो दारू प्यालेल्यागत नाचत होता. मला त्या घोडीचा असला राग आला म्हणून सांगू.

"उद्यापासनं हिला सरळ करू," मी म्हटलं. "घोडी झाली म्हणून काय झालं, वठणीवर येतीया की."

आधी तिचं पाय आत ढकलून आखूड केलं आणि चांगलं फाकवलं. थोडा फरक पडला. पण शहाबादी फरशीवर कुणी चाललं तरी वर शनी हलायचा. मग मालकांच्या जुन्या कोल्हापुरी पायताणाचं जाड तळ कापलं आणि तिन्ही पायांखाली सारलं. मालक म्हंजे माझा नवरा, सोमलिंग. पायताण बघून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "अजून चार वर्सं घातलं असतं की मी ते!" मी म्हटलं, "घाला की, वरचा भाग ठेवलाय तुमच्यासाठी." रक्षिता पदर तोंडाला लावून हसली.

आता मधी खाली कायतरी वजन टांगायचं ऱ्हायलंतं, म्हंजे घोडी जागेवर बसली असती. आमच्या घरात वजन म्हटलं की गूळ. गुळाचा एक धाकटा रवा, म्हंजे ढेप, पोत्यात घालून सुतळीनं टांगला. आणि काय सांगू, शनी जाग्यावर थांबला. त्याच्याभोवतीचं कडं मी बघितलं. बाळाच्या हातातल्या चांदीच्या बिंदलीगत बारीक, आणि मधी तो गप बसलेला. असल्या गुणी देवाला लोक का भ्यात्यात, मला त्या दिवशी कळलं न्हाय. रक्षितानं माझा हात गच्च धरला, मला लई बरं वाटलं.

शिवरात्रीच्या सकाळी बघतो तर सुतळीवरनं, पायावरनं, नळीवरनं मुंग्यांची रांग. एक तर डोळा लावायच्या भिंगात जाऊन बसलीती. आयुष्यभर गुळाजवळ राहून मला हे सुचू नये, म्हंजे अक्कल गहाण टाकल्यागतच झालं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी मालकांना म्हटलं, "पेढीवरचं लोखंडी वजन आणा एक."

"ते आणि कशाला? दिवाळीला हळदकुंकू लावतो त्याला मी. लक्ष्मी हाय ती. टांगायची न्हाय."

"आवो, यीवाई येणार हायत, मास्तर."

"येऊ देत की. जेवाय घालू."

आणि गेलं पेढीवर, ताठ मान करून. उपासाच्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो ते महादेवानं ऐकलं असलं तर माझी शिवरात्र वायाच गेली म्हणायची.

सांजेला स्कूटर आली. मागं मास्तर, आणि पुढं मालकांच्या पायांत दहा किलोचं लोखंडी वजन.

"ह्ये काय?" मी इचारलं.

"पावणं हलकं हायत. गाडी डुलायला लागलीती," मालक म्हणालं आणि माझ्याकडं न बघता वजन परड्यात नेऊन ठेवलं.

शाबूची खिचडी खाऊन झाल्यावर रक्षितानं मुंग्या झाडल्या, गुळाच्या जागी वजन टांगलं आणि शनी लावला. घोडी आता खांबागत उभी होती. मास्तर स्टुलावर बसलं, वाकलं, आणि जुन्या सवयीनं दोन्ही हातांनी नळी धरली. झालं. नळी थरथरायला लागली. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि डोळा काढला.

"असू दे पोरी," मास्तर म्हणालं. "तुम्ही बघताय ना, मला त्यातच आनंद."

रक्षिता खाली बघत उभी ऱ्हायली. तिला बापाला 'हात काढा' म्हणवंना. मला भारी वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझं तोंड सुटतंय.

"मास्तर," मी म्हटलं, "हाताची घडी."

मास्तरांनी चमकून माझ्याकडं बघितलं. उभा जन्म त्यांनी पोरांना हेच सांगितलंतं. मग हसलं, आणि पहिलीतल्या पोरागत हाताची घडी घालून, दोन्ही हात काखंत दाबून वाकलं. हात तिथं थरथरतच होतं. पण नळीला लागत नव्हतं.

भिंगाला डोळा लावून ते बघत ऱ्हायलं. मग हळूच म्हणालं, "थांबलाय गं. कडं दिसतंय."

रक्षितानं डोळं पुसलं, पण ह्या बारीला ती हसत होती. शनी सरकला की ती नळी जरा हलवायची, आणि मास्तर पुन्हा वाकायचं, घडी न सोडता.

मालक माझ्या कानाशी आलं. "उद्या पेढीवर वजन लागंल मला. न्यायचं न्हवं परत?"

"तोंडावर बोट," मी म्हटलं.

आणि बाजारात कुणाच्या बापाला न ऐकणारा माझा नवरा तोंडावर बोट ठिवून मास्तरांच्या मागं गप उभा ऱ्हायला.