डावीकडचं शहर

थर्मासचं झाकण आत्ता होतं, आणि आत्ता नव्हतं... सुकाणूच्या डाव्या अंगाला, नेहमीच्या फळीवर, गुनवोरनेच ते ठेवलं होतं, त्यात कॉफी ओतली होती. पण नजर समोर नदीवर ठेवली की ते नाहीसं व्हायचं, आणि मान किंचित वळवली की परत यायचं, वाफेसकट.

शेजारी कालच्या घटनेच्या अहवालाचा फॉर्म होता. 'घटनेचं कारण' या ओळीपुढे कोरा. पाळी संपायच्या आत भरून द्यायचा. काल दुपारी डावीकडून एक वल्ह्यांची होडी फेरीबोटीच्या नाकासमोर आली, तिचा खलाशी सिक्स्टेन डेकवरून ओरडला, गुनवोरने इंजिन उलटं फिरवलं, आणि होडीतली बाई हातभर अंतरावरून निघून गेली — वर बघून तिने हातही हलवला, माफी मागितल्यासारखा. चूक त्या बाईची नव्हतीच.

"ऊन डोळ्यांवर आलं," गुनवोर म्हणाली होती.

एकवीस वर्षं ती येता नावाच्या नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेते आहे. बोट पश्चिमेला वळली की गोथेनबर्ग शहर दोन्ही हातांना उलगडत जातं, आणि बाबांनी लहानपणी शिकवल्याप्रमाणे ती अजून मोजते: उजवीकडे गोदीची क्रेन, समोर समुद्राच्या तोंडाशी पूल, डावीकडे खडकावरचं चर्च. "तिन्ही सापडली की तू हरवली नाहीस," गोदीत वेल्डर असलेले बाबा म्हणायचे. गोदी बंद पडली, तिथे काचेची घरं आली, क्रेन तेवढी शोभेला राहिली. क्रेन आहे. पूल आहे. आणि चर्चच्या जागी — अंधार नाही, धुकं नाही — नुसतं काहीच नाही. तिथे शहर कधी बांधलंच नव्हतं, असं. मग मान वळवायची, की टेकडी, चर्च, सगळं निमूट जागेवर. वसंतापासून मी मानेला सवय लावली आहे. कुणाला कळत नाही. निदान...

बोट उत्तरेच्या धक्क्याला लागली. दोर बांधून सिक्स्टेन वर आला, हातात दालचिनीचे दोन बन. बारा वर्षं तो तिच्याबरोबर आहे.

"पलीकडच्या काठावरची ती टगबोट तुझ्या सासरची आहे काय गं?" तो म्हणाला. "रोज बिचारी डावीकडे उभी असते, तू ओळखच दाखवत नाहीस."

ती हसली. जरा जास्तच वेळ हसली.

"बन कुठे ठेवू? डावीकडे?"

"ठेव कुठेही."

"उजवीकडेच ठेवतो." त्याने ठेवला, पण गेला नाही. "काल ऊन नव्हतं, गुनवोर."

...हातोड्यांच्या आवाजाने बाबांचे कान गेले होते. घरी आई मोठ्याने बोलायची. गोदीत ते ओठ वाचायचे, हसून मान डोलवायचे. मग एक दिवस मागून कुणीतरी 'थांब' म्हणून ओरडलं, बाबा थांबले नाहीत, आणि शेजारी काम करणाऱ्या रोलँडची दोन बोटं पत्र्याखाली गेली. 'वारा होता,' बाबा जेवताना म्हणाले. आईने उकडलेले बटाटे वाढले. मी नऊ वर्षांची होते, आणि मला माहीत होतं, बंद शेडमध्ये वारा नसतो. मीही बटाटे खाल्ले.

खाली माणसं चढत होती. बाबागाडी ढकलणारी एक आई, सायकलवाला, ओल्या टोप्यांतले दोघे म्हातारे. निघायला दोन मिनिटं होती. सिक्स्टेन दाराकडे वळला.

"सिक्स्टेन."

"हं?"

"डावीकडे काय काय आहे, सांग मला."

 काचेजवळ येऊन त्याने बाहेर पाहिलं. "टगबोट," तो म्हणाला. आवाज हलका झाला होता. "तिच्यापुढे लाल होडी, बांधलेली. मग टेकडी. वर चर्च."

"अजून?"

"चर्चवर बगळे... नाही, सीगल. चार."

तिचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता. दांडा गार होता, आणि हात तो पुढेही ढकलत नव्हता, सोडतही नव्हता. घड्याळात निघायची वेळ होऊन गेली. खालून सायकलवाल्याने काचेकडे मान उंचावून पाहिलं. त्या रिकाम्या जागेत एकेक वस्तू त्याच्या आवाजाने येऊन उभी राहत होती, आणि वसंतापासून पहिल्यांदाच, तिच्या लक्षात आलं, ती मान वळवत नव्हती.