अर्धी टाकी

पोलादपूरहून घाट चढून कुडपणला प्रवासी नेणाऱ्या दोन जीपगाड्या. एक राजूची, एक नाथूची. राजूच्या गाडीत जेमतेम खालपर्यंत पोचेल एवढंच डिझेल असायचं. नाथूचं तसं नव्हतं. काटा अर्ध्यावर आला की तो टाकी भरून घ्यायचा, तीही सकाळच्या गारव्यात. पावसाळ्यात रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो, म्हणायचा. दर पंधरा दिवसांनी फिल्टरखालचा स्क्रू सोडून साचलेलं पाणी काढायचा. आणि पंपावर टँकर खाली होत असेल तर गाडी माघारी फिरवायचा, कारण तेव्हा तळाचा गाळ वर येतो. बावीस वर्षं त्याची गाडी घाटात डिझेलवाचून कधी उभी राहिली नव्हती.

त्या ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला. महामार्गावर पाणी आलं, टँकर अडकले, पोलादपूरचे पंप तीन दिवस कोरडे पडले. वीज गेली तसा कुडपणचा मोबाइल टॉवरही बंद पडला. राजूची जीप उभीच होती. गावातल्या दोन-तीन मोटारसायकलीही पेट्रोलवाचून पडवीत पडून होत्या. चालत होती ती फक्त नाथूची गाडी, आणि तीही पेशंट असेल तरच तो काढायचा. तिसऱ्या दिवशी तर तीही गावात नव्हती. एका बाळंतिणीला घेऊन तो पोलादपूरला गेला होता आणि पावसामुळे मेहुण्याकडे मुक्कामाला राहिला होता.

त्याच दुपारी गावातल्या गणूची आई, ठकूबाई, वारली. राजू पायवाटेने उतरून पोलादपूरला आला आणि तिथून त्याने गणूच्या धाकट्या भावाला, दीपकला, वापीला फोन लावला. दीपक तिथे रंगाच्या कारखान्यात होता. वर्षभरात त्याचं घरी येणं झालं नव्हतं. रात्रीच निघतो, सकाळी साडेदहापर्यंत पोलादपूरला उतरतो, असं तो म्हणाला. राजूने नाथूला गाठून दीपकला घेऊन यायला सांगितलं. गावाने ठरवलं होतं की उद्या दोनपर्यंत थांबायचं. त्याहून जास्त थांबता येणार नव्हतं. स्मशान ओढ्यापलीकडे, आणि संध्याकाळच्या पावसात ओढा चढला की पलीकडे जायला वाट नाही. एवढं सांगून राजू उजेड होता तोवर वर चढून गेला.

सकाळी नाथू नऊ वाजताच गाडी घेऊन स्टँडवर निघाला. टाकी अर्धी होती. वर जाऊन, पुन्हा खाली येऊन, परत वर जाण्याइतकी. वाटेत नदीकडच्या पंपावर रांग दिसली. महामार्गावरचं पाणी ओसरून टँकर नुकताच खाली होऊन गेला होता. नाथू घुटमळला. पण मयताचं घर, दोन-तीन दिवस माणसांची ये-जा होणार, आणि पुढचा टँकर कधी येईल कोण जाणे. तो रांगेत लागला आणि त्याने टाकी भरून घेतली.

एसटी वेळेवर आली. दीपकच्या हातात एक पिशवी होती, डोळे जागरणाने लाल झालेले. किती वाजेपर्यंत थांबणार आहेत, एवढंच त्याने विचारलं. नाथूने सांगितलं, दोन. पोचू ना, असं दीपक म्हणाला, आणि नाथू म्हणाला की साडेबाराला दारात.

घाट लागल्यावर पाव तासाने गाडी मिसिंग मारायला, अडखळायला लागली. नाथूने गिअर खाली घेतला. मागे पांढरा धूर दिसला. एका वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. कुडपण अजून नऊ किलोमीटर होतं.

नाथूने बॉनेट उघडलं, फिल्टरखाली प्लास्टिकची बाटली धरली आणि स्क्रू सोडला. बाटली निम्मी पाण्याने भरली, वर तवंगासारखं डिझेल. त्याने आणखी सोडलं, तरी पाणीच. तेव्हा त्याला कळलं की पंपाच्या जमिनीतल्या टाकीत पुराचं पाणी शिरलंय आणि ते आपण पैसे देऊन आपल्या टाकीत घेतलंय.

दीपक शेजारी छत्री धरून उभा होता. त्याने घड्याळ बघितलं. पावणेबारा झाले होते.

"चालत निघू का मी?" त्याने विचारलं.

"पाच मिनटं थांब," नाथू म्हणाला. "आता पाणी काढलाय. चालू व्हईल."

गाडी चालू झाली. शंभर पावलं चढून पुन्हा बंद पडली. नाथूने पुन्हा पाणी काढलं, हातपंप मारमारून हवा काढली, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी इंजिन क्षणभर घुमायचं आणि दोघांनाही वाटायचं की आता जमलं. खालून एकही गाडी आली नाही. दरडीच्या भीतीने घाटातली एसटी बंदच होती. फोनला रेंज नव्हती, आणि असती तरी वर कुणाचा फोन लागणार होता? शेवटी बॅटरीच बसली. तेव्हा पाऊण वाजला होता.

नाथूने दगड लावून गाडी तिथेच सोडली. दोघं चालू लागले. पावसाने पायवाटेचे ओहोळ झाले होते, म्हणून डांबरी रस्त्यानेच जावं लागलं. सुरुवातीला दीपक जवळजवळ पळत होता. मग त्याला धाप लागली, मग तो थांबत थांबत चालला. नाथू मागून येत होता. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच याला जाऊ दिलं असतं तर हा पोचला असता, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. पण ते बोलून तरी काय होणार होतं?

कुडपणच्या पठाराच्या अलीकडच्या वळणावरून पलीकडची डोंगराची सोंड दिसते. तिथे आले तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते. पाऊस जरा थांबला होता. ओढ्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून धूर निघत होता आणि न चढता तसाच आडवा पसरत होता.

दीपक रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याने पिशवी खाली ठेवली. नाथूला वाटलं, हा आता रडेल, नाहीतर आपल्या अंगावर धावून येईल. त्यातलं काही झालं नाही. बऱ्याच वेळाने त्याने पिशवी उचलली.

"चल, नाथूदादा," तो म्हणाला. "आमचा दादा एकटा असंल."

गावाने दोनच्या पुढेही वीस मिनिटं वाट बघितली होती. हायवे बंद असेल, एसटी आलीच नसेल, असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. गणू शेडमधून परतत असताना दोघं त्याला वाटेत भेटले. त्याने दीपकला धरलं आणि एवढंच म्हटलं की ओढ्याचं पाणी चढायला लागलेलं.

चौथ्या दिवशी मेकॅनिक आला आणि टाकी उतरवून धुवावी लागली. नाथू ती बाटली घेऊन पंपावर गेला. मालकाने ती हातातही घेतली नाही. आमच्याकडे तपासणी झाली, पाणी निघालं नाही, तुमच्याच टाकीत असेल, असं म्हणाला. नाथूने बावीस वर्षांचा हिशोब सांगायला सुरुवात केली, पण मागे रांग होती आणि लोक हॉर्न वाजवत होते.

सुतकाच्या दिवसांत तो रोज संध्याकाळी गणूच्या पडवीत येऊन बसायचा. कुणीतरी आपल्याला दोष द्यावा, असं त्याला वाटायचं. कुणी दिला नाही. गणूची बायको जनी त्याला चहा आणून द्यायची आणि तुझी काय चूक रे, म्हणायची. ते ऐकलं की तो चहा तसाच ठेवून उठायचा.

नवव्या दिवशी दीपक बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसला.

"आईला दवाखान्यात तूच न्यायचास ना?"

"दर सोमवारी. पुढच्या शिटवर बसवायचो."

"काय बोलायची?"

नाथूने आठवून बघितलं. "बोलायची नाय. डोळं मिटून बसायची. घाट लागला की मळमळायचं तिला. मग ईचारायची, आमच्या दीपकला पण गाडीत आसंच व्हतं काय रे अजून?"

दीपक अंगणातल्या चिखलाकडे बघत राहिला.

"व्हतं," तो म्हणाला. "अजून व्हतं."