सहाव्या वर्षी गेलेले आजोबा

छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी केली की संशयाची खोड जडते. मला ती जडलेलीच होती. पण आजोबांवर संशय घ्यायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आत्याला नातू झाला, तेव्हा बाळाला भेट म्हणून घराची वंशावळ करायचं मी ठरवलं. सुरुवात आजोबांपासून. ते शिंपी होते; जाऊन चार वर्षं झाली होती. लहानपणाचं विचारलं की टाके घालता घालता म्हणायचे, "लहान होतो, मोठा झालो. संपलं."

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीतल्या कारकुनानं जुनं रजिस्टर काढून दिलं. आजोबांचं नाव, आईवडलांची नावं, सगळं जुळलं. मी उतरवून घेत होते, तेवढ्यात त्यानं दुसरं रजिस्टर पुढे सरकवलं.

"बाई, हेही तुमचंच दिसतंय."

ती मृत्यूची नोंद होती. तेच नाव, तेच आईवडील, तोच पत्ता. वय सहा. कारण ताप.

म्हणजे सहाव्या वर्षी गेलेल्या माणसानं माझे शाळेचे गणवेश शिवले होते!

"कारकुनाची चूक असेल," बाबांनी विषय उडवून लावला. मग मी आत्याला गाठलं. "आजोबांच्या नावाचा मुलगा लहानपणीच गेलाय, अशी नोंद आहे," एवढंच म्हटलं.

ती दुपटी घडी करत होती. हात थांबले नाहीत. "असेल कुणी दुसरा. तेव्हा तापानं किती पोरं जायची! नको ते उकरत बसू नकोस."

तापाचं मी बोललेच नव्हते.

मनात पाल चुकचुकली. आठवडाभर कामावर चित्त लागेना. आजोबा कोण होते? कुठला फरारी? पणजीच्या राहत्या घरासाठी मेलेल्या वारसाचं नाव लावून आलेला कुणी भामटा? त्यांचा हसरा फोटोसुद्धा मला लबाड दिसायला लागला. शेवटी पुन्हा कचेरीत गेले आणि ही नोंद आधी कुणी मागितली होती का, ते विचारलं. बावीस वर्षांपूर्वीच्या अर्जावर आत्याची सही होती.

अर्जाची नक्कल तिच्यापुढे ठेवली. आत्यानं बाळाला पाळण्यात निजवलं, दार लोटलं.

"तुझ्या आजोबांच्या पासपोर्टसाठी जन्मदाखला हवा होता. अण्णा टाळत होते, म्हणून मीच गेले. परत येऊन विचारलं, तर त्यांनी मशीन थांबवलं. तुझी पणजी अनाथाश्रमात स्वयंपाक करायची. स्वतःचा मुलगा गेल्यावर दोन वर्षांनी तिथला एक पोरगा सारखा पळून तिच्या घरी येऊन लपायला लागला. अंगावर वळ असायचे. एक दिवस तिनं त्याला परत पाठवलंच नाही. गाव सोडलं, आणि स्वतःच्या मुलाचा जन्मदाखला दाखवून त्याला शाळेत घातलं."

"म्हणजे पणजीनं मूल पळवलं?"

"पळवलं म्हण, सोडवलं म्हण."

"त्यांचं खरं नाव काय होतं?"

"मला नाही सांगितलं," आत्या म्हणाली. पण फार पटकन म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं नजर पाळण्याकडे वळवली. खरं की खोटं, मला आजही ठरवता आलेलं नाही.

बाबांना सांगितलं तर ते भडकले. "माझ्या बापाला चोर ठरवतेस?" पाच दिवस बोलले नाहीत. सहाव्या दिवशी छापखान्यात फोन आला.

"तो गेलेला पोरगा... सहाच वर्षांचा होता?"

"हो."



"वंशावळीत त्यालाही घे. अण्णांच्या शेजारी. थोरला भाऊ म्हणून."