थोरल्याच्या हातची गोळी

सुतारकामाच्या त्या वर्कशॉपमध्ये दुखण्यावरचा इलाज ठरलेला होता: थोरल्याला जे लागू पडलं, ते सगळ्यांना लागू पडायलाच हवं. थोरल्याला गाउटचा त्रास. पायाचा अंगठा ठणकायला लागला की डॉक्टरांनी दिलेली बारीकशी गोळी घ्यायची आणि सकाळी रंधा मारायला हजर. त्या गोळीवर त्याचा भारी विश्वास.

धाकट्या भावाच्या मांड्या भरून यायला लागल्या, तेव्हा थोरल्याने तीच गोळी पुढे केली. "औषध नाही रे हे, दुखण्यावरची गोळी आहे. दोन्ही वेळा घे."

धाकट्याला कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू होती. पण ती हृदयासाठी, ही मांड्यांसाठी. दोघींचं आतल्या आत वाकडं असेल हे थोरल्याच्या गावीही नव्हतं. दुखणं हटेना, तशी तो गोळी वाढवत गेला. माणूस हट्टी होता, आणि मायाळूही होता. अशा माणसापुढे कुणाचं काय चालणार?

मग एकदा कपाटाचं दार बसवायला खाली बसलेल्या धाकट्याला उठताच येईना.

"कामचुकारपणाची नवी तऱ्हा वाटतं," थोरला हसला.

धाकटा हसला नाही. काखेत हात घालून त्याला उभं करावं लागलं. लघवी काळ्या चहासारखी होतेय, हे त्याने हळूच सांगितलं. दार तसंच टाकून थोरला त्याला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी मांड्या दाबून पाहिल्या. "स्नायू मोडून त्यांचा गाळ लघवीत उतरतोय. असंच चाललं तर किडन्या निकामी होतील. कोलेस्टेरॉलच्या गोळीने क्वचित होतं असं. सोबत आणखी काही घेता?"

"काही नाही," धाकटा झटकन म्हणाला आणि भिंतीकडे पाहू लागला.

हा आपल्याला पाठीशी घालतोय, हे थोरल्याला लगेच कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घेतो. माझी गाउटची गोळी. मीच देतोय, महिनाभर."

बाई रागावल्या नाहीत. तेवढी सवड नव्हती. ही दोन औषधं एकत्र आली की स्नायूंवर उठतात, दोन्ही आत्ताच बंद, हृदयाचं पुढे काय द्यायचं ते मी बघते, असं सांगून त्यांनी धाकट्याला दाखल करून घेतलं.

सलाईन लागलं, रक्ताचा रिपोर्ट आला. किडन्या अजून शाबूत होत्या. धीर आल्याबरोबर थोरल्याचा राग उफाळून आला.

"गुण येत नव्हता, तर बोलायचं नाहीस? तोंड काय शिवलं होतं?"

"पहिल्या दिवसापासूनच येत नव्हता, दादा," धाकटा म्हणाला. "पण गोळी द्यायला आलास की तू घटकाभर शेजारी बसायचास. एरवी तू माझ्याशी कामापुरतंच बोलतोस."