आषाढातली गाभोळी

...आणि काडीचं टोक चावून चावून पार चोथा झालेलं. वैष्णवीच्या तोंडातून मनिषाने ती ओढून घेतली आणि पोर भोकाड पसरायच्या आतच तिच्या मनात सुरू झालं – ही घशात टोचली असती तर... मग जीप, बारामतीचा दवाखाना, सासूबाईंचा चेहरा. जेवणाच्या काड्यांची ही जोडी मुंबईच्या त्या जपानी हॉटेलातून आठवण म्हणून आणलेली. आठवण!

त्या हॉटेलातली महिन्यापूर्वीची दुपार. वालचंदनगरला कारखान्याच्या कामासाठी आलेले ओकादासाहेब, चार इंजिनियर आणि त्यांच्या बायका. ओकादांनी कुठलासा मासा मागितला, तेव्हा आचारी स्वतः बाहेर आला, कमरेत वाकला, हळू आवाजात काही बोलला. ओकादांनी ते इंग्रजीत सांगितलं आणि सर्जेरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बायकांना मराठीत – सध्या त्या माशाच्या पोटात अंडी असतात, म्हणून या दिवसांत तो इथे मिळत नाही. ‘‘बघा, किती विचार करतात ही माणसं!’’ म्हणालं कोण, तर मनिषाच, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली मनिषा. आणि म्हणता म्हणता काड्यांतला घास सुटून ताटात पडला होता, कारण डोळ्यांसमोर एकाएकी सिंधुबाई उभी राहिली होती...

दोन वर्षांपूर्वीचा आषाढ. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलेलं, या खेपेला पाचवा लागलेला. कुणीसं म्हणालं, गाभोळी खा, माशाच्या पोटातली अंडी, बाळ धरून राहतं – आणि शिकलीसवरलेली ती, उजनी धरणाच्या फुगवट्यावरून मासे घेऊन येणाऱ्या सिंधुबाईच्या मागेच लागली.

‘‘आषाढात गाभोळीचा मासा आमी पान्यात सोडतो, ताई. सासूनं घालून दिलेलं हाय. अन् पोटुशीला पोटुशी इकू व्हय मी?’’

‘‘कसले अडाणी समज धरून बसता, सिंधुबाई!’’

असं म्हणून ती दारातच रडली होती. चौथ्या दिवशी सिंधुबाईने रोहू आणला, पदराखाली झाकून, नजर न देता. मनिषाने गाभोळी खाल्ली, वाटी बोटाने पुसून खाल्ली. वैष्णवी झाली – गाभोळीमुळे नव्हे, हे तिला तेव्हाही कळत होतं. मग शेजारच्या जगदाळेवहिनींनी मागितली, मग साऱ्या चाळीने...

‘‘ताई, हायसा का?’’

काडी अजून मनिषाच्या हातात, आणि सिंधुबाई दारात. टोपलीत बोटाएवढे मासे.

‘‘एवढेच?’’

‘‘औंदा हेच गावतंय. मोठा मासा दिसंना झालाय.’’ मग आवाज खाली आणत, हसत तिने ओलं फडकं उचललं. ‘‘पन तुमची गाभोळी राखून आनलीया. पहिला मान तुमचा.’’

महिनाभर घोकलेलं वाक्य जिभेवर आलं – तुमचं बरोबर होतं. बाहेर पडलं ते निराळंच, ‘‘नको. आषाढ आहे ना... तुम्ही सोडता ना तो?’’

‘‘सोडत हुतो! आता आमी सोडला की फुडल्या जाळ्यात जातोय. अन् तुमीच न्हाय का म्हनला, अडानी समज म्हून? झालो की शानं.’’ फडकं पुन्हा टाकत ती उठली. ‘‘का मुंबैचं खाऊन आमचं कडू लागतंय आता?’’

‘‘तसं नाही हो...’’

तसं नाही तर कसं? टोपली जगदाळेवहिनींच्या दारात उतरली. आतून आनंदाचा आवाज आला. कपाळावर टिळा लावावा तसा हे सुरू करण्याचा पहिला मान माझाच... आचाऱ्याने वाकून सांगितलं ते मला पटलं, सिंधुबाईने दारात बसून सांगितलं ते पटलं नाही – एवढंच बोलायचं होतं, दोन पावलं चालून, आत्ता, वहिनींच्या देखत. पावलं उचलत नव्हती.

वैष्णवी काडीसाठी हात पसरून रडत होती. मनिषा चोथा झालेलं टोक अंगठ्याने दाबत राहिली. या पोरीला काय होईल, काय होईल म्हणून दोन वर्षं जीव मुठीत धरून काढलेली. आणि आता तिच्या गुबगुबीत पोटाकडे बघताना मनिषाला वाटलेली भीती अगदी अनोळखी होती – हिच्यासाठी म्हणून आपण काय काय करून बसलो असू, याची.