नाकाच्या मापाचा मास्क

घासकामाच्या शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती : ‘मास्क नाकावर, तरच हात कामावर.’ ही कविता सुपरवायझरांनी स्वतः केली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. कारखाना फर्निचरचा. शेडमध्ये तेवीस माणसं दिवसभर खुर्च्या-टेबलांना पॉलिश पेपर मारायची आणि तांबूस लाकडाची पिठासारखी धूळ उडायची. तेव्हा मास्क हवाच, त्यात दुमत नाही. पण सुपरवायझरांनी त्यासाठी एक रजिस्टर काढलं. मास्क नाकावर असला की नावापुढे ‘बरोबर’ची खूण, हनुवटीवर दिसला की नोंद, आणि तीन नोंदी झाल्या की काम बंद. तेव्हापासून सगळे त्यांना ‘नियमभाऊ’ म्हणू लागले. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

माणूस वाईट नव्हता बरं का. आधीच्या कारखान्यात त्यांनी दोन चांगले कारागीर धाप लागून घरी बसलेले पाहिले होते. आपल्या शेडमध्ये तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. फक्त मास्क एकदा नाकावर चढला की आपलं काम संपलं, असं ते धरून चालले होते. तुम्ही-आम्ही तरी वेगळं काय करतो?

त्या शेडमध्ये सगळ्यात जुनी कारागीर म्हणजे मावशी. चेहरा एवढासा, गाल बसलेले. डोळे मिटून लाकडावरून तळहात फिरवला की कुठे खरखर राहिली आहे ते अचूक सांगायच्या. घर त्यांच्याच दोन हातांवर चाललं होतं, आणि या वयात त्यांना नवीन काम कोण देणार होतं? त्यांच्या नावापुढे दोन नोंदी झाल्या होत्या. सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी नियमभाऊंनी त्यांना तिसऱ्यांदा पकडलं.

“मावशी, मास्क कुठे आहे?”

“गळ्यात आहे की.”

“गळ्यात घालायला तो हार आहे का?”

दोघं-तिघं हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी कानामागचे केस बाजूला केले. इलॅस्टिकने तिथली कातडी सोलवटून लालभडक झाली होती.

“भाऊ, हा माझ्या तोंडावर राहतच नाही. सारखा घसरतो. सारखा वर ओढायचा तर हाताची धूळ तोंडाला लागते. वर धरून ठेवू की काम करू?”

“बाकीचे बावीस जण घालतातच ना? नाचता येईना, अंगण वाकडं.”

“मग तुम्हीच नाचून बघा,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “उद्या एक दिवस माझ्या शेजारी उभे राहा. मीही घालते, तुम्हीही घाला. संध्याकाळी काय लिहायचं ते लिहा. मी हूं की चूं करणार नाही.”

सगळी शेड ऐकत होती. मागे हटणं नियमभाऊंच्या स्वभावात नव्हतं.

“ठरलं,” ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी आठ वाजता ते मास्क लावून मावशींच्या शेजारी उभे राहिले. पहिला तास ऐटीत गेला. मग चष्म्यावर वाफ धरायला लागली. पुसला की पुन्हा वाफ, पुन्हा पुसा. अकरा वाजता कान ठणकू लागले. दुपारी दाढीत असं काही खाजू लागलं की मास्क ओरबाडून फेकावासा वाटला. पण गडी जिद्दीचा. जेवण सोडलं तर त्यांनी तो एकदाही खाली केला नाही. शेजारी मावशी एका हाताने लाकूड घासत होत्या आणि दुसऱ्या हाताने मास्क सावरत होत्या, ते मात्र त्यांनी दिवसभर पाहिलं.

संध्याकाळी बेसिनपाशी येऊन त्यांनी मास्क काढला. “बघा मावशी, निभावला की नाही दिवस?”

“तोंड धुऊ नका. आधी आरशात बघा.”

नियमभाऊंनी बघितलं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांपर्यंत दोन तांबूस रेघा उतरल्या होत्या. मास्कच्या आतही तशीच धूळ होती. दाढी तर भुशात लोळून आल्यासारखी दिसत होती.

“दिवसभर नाकावर होता ना?” मावशींनी विचारलं.

“होता.”

“मग ही आत कुठून गेली?”

नियमभाऊंनी आपला मास्क पुन्हा उलटून बघितला. हात धुवायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी थांबवलं आणि मास्क उलटा करून दाखवायला सांगितला. बावीसपैकी सतरा जणांच्या नाकाशेजारी त्याच रेघा होत्या. आणि रजिस्टरमध्ये या सतराच्या सतरा जणांपुढे रोज ‘बरोबर’ची खूण होती. रजिस्टर स्वच्छ होतं आणि माणसांची नाकं धुळीने भरलेली होती! नियमभाऊंना आपल्याच खुणांची शरम वाटली.

घरी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवायचं काम करायची. नवऱ्याचं तोंड उतरलं की तिला जेवण गोड लागत नसे. तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

“अहो, पण ते मास्क कोणाच्या तोंडावर बसवून बघितले होते?”

“बसवून कशाला बघायचे? खोका आला, वाटून टाकला.”

“मी एक फ्रेम देताना माणसाला तीनदा समोर बसवते. कोणाचं नाक बसकं, कोणाचं धारदार. कोणाचा एक कान वर तर एक खाली. आणि तुम्ही तेवीस तोंडांना एकच माप लावलंत? उद्या मी सगळ्या गिऱ्हाइकांना एकच चष्मा वाटला आणि ज्याला दिसत नाही त्याचं नाव लिहून घेतलं, तर काय म्हणाल मला?”

नियमभाऊ जरा चिडले. “म्हणजे मास्क काढला ते बरोबर?”

“नाही, चूकच. उघड्या नाकाने धूळ जास्तच जाणार. मावशींनी आधीच सांगायला हवं होतं. पण सांगायचं कोणाला? तुमच्या रजिस्टरला?” मग तिने त्यांच्याकडे निरखून बघितलं. “आणि ही दाढी. हिच्यावर कुठलाच मास्क घट्ट बसणार नाही.”

“दाढीचं काय मधेच?”

“मधेच कसं? मधेच तर आहे ती. मास्क आणि गालाच्या मधे.”

बुधवारी सकाळी मालकांनी त्यांना बोलावलं. “तिसरी नोंद झाली म्हणे. त्या बाईंना मोकळं करा.”

“नोंद केलेली नाही अजून. मला शनिवारपर्यंत मुदत द्या.”

“नियम तुमचाच आहे.”

“माझाच आहे. पण मी तो अर्धाच लिहिला होता.”

मालकांनी त्यांच्याकडे बघितलं. बेसिनपाशी काय झालं ते नियमभाऊंनी सांगितलं, स्वतःच्या तोंडासकट. “बरं,” मालक म्हणाले. “शनिवारी मी स्वतः येईन. तोवर मास्क बसला तर ठीक, नाहीतर नाव द्या.”

त्या दिवसापासून नियमभाऊंना दुसरं काही सुचेना. कामगारांचं सामान विकणारं एकही दुकान त्यांनी सोडलं नाही. लहान मास्क, मोठे मास्क, वाटीसारखे, घडीचे, कानांऐवजी डोक्यामागे पट्टे असलेले, सगळे दोन-दोन आणले. शेडच्या दाराशी मोठा आरसा टांगला. गुरुवारी बायकोची सुट्टी होती, तीही आली आणि एकेकाला समोर बसवू लागली. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटायची नाही, दोन्ही हातांच्या बोटांनी नाकालगत दाबत जायची. मग मास्कवर हात धरून जोरात फुंकायचं. डोळ्यांना वारा लागला तर वरून फट आहे, गालाला लागला तर बाजूने.

मावशींना पहिले तीन मास्क बसलेच नाहीत. चौथा लहान, घडीचा, डोक्यामागे दोन पट्टे असलेला. कान सुटले म्हणून मावशी खूश झाल्या, पण हनुवटीखालून वारा येतच होता. नियमभाऊ कपाळाला हात लावून बसले. त्यांची बायको मावशींच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हसली. “अहो, खालचा पट्टा अंबाड्यावर चढलाय!” तिने तो अंबाड्याखाली मानेवर ओढला. मावशींनी फुंकलं. मग आपला तळहात मास्कच्या कडेकडेने फिरवला, लाकडावरून फिरवायच्या तसाच, डोळे मिटून.

“कुठेच नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा फुंकते. नाही, कुठेच नाही.”

शुक्रवारी सकाळी एक अनोळखी, गुळगुळीत गालांचा माणूस शेडमध्ये शिरला.

“नवीन साहेब आलेत का?” मावशींनी विचारलं.

“जुनाच आहे,” नियमभाऊ म्हणाले. हशा ओसरायला चांगली पाच मिनिटं लागली.

शनिवारी संध्याकाळी मालक बेसिनपाशी येऊन उभे राहिले. मावशींनी मास्क काढला. डोळ्यांखालपर्यंत गाल तांबूस होते आणि त्याच्याखाली, जिथे दिवसभर मास्क होता, तिथे स्वच्छ. नियमभाऊंनी पांढरं फडकं ओलं करून दिलं. मावशींनी नाकाच्या दोन्ही बाजूंनी ते खालपर्यंत फिरवलं आणि मालकांपुढे धरलं. फडकं पांढरंच होतं.

“कसं वाटतंय?” मालकांनी विचारलं.

“दुपारचा चहा चहासारखा लागला,” मावशी म्हणाल्या. “इतकी वर्षं लाकूडच पीत होते म्हणायचं.”

मग मालकांनी रजिस्टर मागितलं. तिसऱ्या नोंदीची ओळ भरलेली होती, पण नाव मावशींचं नव्हतं. नियमभाऊंनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुढे कारण : ‘तोंड न बघता मास्क वाटला.’

“हे खोडायचं का?” मालकांनी विचारलं.

“राहू द्या. नजरेसमोर असलेलं बरं.”

आता त्या शेडमध्ये नवीन माणूस आला की रजिस्टरआधी तो मावशींपुढे बसतो. मावशी डोळे मिटून त्याच्या मास्कच्या कडेने तळहात फिरवतात आणि वारा लागला की म्हणतात, “हा तुझा नाही, दुसरा घे.” कोणाला बोचत असेल तर तो मास्क खाली ओढत नाही, येऊन सांगतो. सांगायला माणूस आहे हे आता त्याला ठाऊक आहे.

वाचकहो, मास्क धुळीसाठी लावा नाहीतर आजारासाठी, तो लावायलाच हवा आणि आपल्या चेहऱ्याला बसणारा शोधायलाही हवा. मिळेपर्यंत शोधायचा, चौथ्यात नाही तर पाचव्यात मिळेल. आणि घरात, ऑफिसात कोणाचा मास्क हनुवटीवर दिसला तर त्याच्यावर ओरडण्याआधी एकदा विचारा, “कुठे बोचतोय?” आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्याच्यापाशी थांबा.