पलित्यानंतरचं पोळं

मी गांधीलमाशी बोलतेय. दचकू नका, आणि हातातला झाडू आधी खाली ठेवा.

एकाहत्तर सालचा पाऊस सरला, तेव्हा राजूरजवळच्या एका वाडीत सूर्यभानच्या गोठ्यात, गवती छपराखाली मी पोळं बांधायला घेतलं. एकटीनंच. जुन्या नांगराचं लाकूड जबड्यानं खरवडायचं, थुंकीत मळायचं आणि त्या लगद्याचं एकेक घर उभारायचं. परसात वाल फुलला तोवर माझ्या लेकी हाताशी आल्या. वेलावरच्या अळ्या आणून त्या धाकट्यांना भरवू लागल्या.

एके दिवशी सूर्यभान छपरात विळा खोचायला आला. विळा थेट पोळ्यात घुसला. मग आम्ही काय त्याची आरती ओवाळायची? पापणीलाच डसलो. बायकोनं, मनकर्णानं, लोखंड घासून लावलं. तरी डोळा पार मिटला.

तसाच तो राजूरच्या बाजाराला गेला. लढाई नुकतीच संपली होती. लोकांनी विचारलं, "काय रं सूर्यभान, लढाईवर गेल्तास व्हय?"

डंखापेक्षा ते हसणं त्याला जास्त झोंबलं. घरी येताच त्यानं काठीला चिंध्या गुंडाळल्या, रॉकेलमध्ये बुडवून पलिता पेटवला.

"आवं, छपराखाली जाळ नेता का?" मनकर्णा ओरडली.

"लई माजल्यात. आज एक बी ठेवत न्हाई!"

माझ्या कितीतरी लेकी पोळ्यातच जळाल्या. पण जाळ तेवढ्यावर थांबला नाही. वाळलेल्या गवतानं पेट घेतला. आत वासरू हंबरायला लागलं. सूर्यभान जागीच थिजला. मनकर्णा मात्र पदर डोक्यावर ओढून आत शिरली. आम्ही चवताळून तिच्या तोंडाभोवती घोंघावत होतो. तिनं एकदाही हात झाडला नाही. दावं कापलं, वासराला ओढत बाहेर आणलं. तिला आमच्यातली एकही डसली नाही.

वाडीतल्या लोकांनी पाणी ओतून आग विझवली. अर्धं छप्पर गेलं होतं. सूर्यभान खाली मान घालून बसला.

त्यानं नवं छप्पर घातलं आणि मी त्याच छपराखाली नवं पोळं धरलं. हो, मुद्दाम तिथंच! तो झाडू घेऊन धावला. मनकर्णानं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. वासरू मी त्या कोपऱ्यात बांधते. तुमी विळा बी तिकडंच खोचा."

"आन् पुन्हा चावल्या तर?"

"तुमी डिवचलं न्हाई तर कशाला चावतील?"

तेव्हापासून तो वाकून, लांबून जातो. आम्हीही त्याच्या वाटेला जात नाही.

आता माझे पंख विरलेत, फार लांब उडवत नाही. तरण्या लेकी वळचणीला नवी जागा शोधतायत. तुमच्या घरी आल्या तर मुकाट्यानं बाजूनं जा. मी दया मागत नाही, माफी तर मुळीच नाही. एवढं ध्यानात ठेवा: मधमाशी एकदा डसली की मरते. आम्ही मरत नाही. आम्हाला पुन्हा डसता येतं.